जेवणाआधी डोळे मिटले आणि खोटं बोलले

कृष्णाकाठची (सांगली)

सर्वांना नमस्कार आणि सलाम.

आठ दिवस एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते. मी विश्रामबागेत एका पतसंस्थेत कामाला आहे, तेरा वर्षं झाली. दुपारी दीडला आम्ही सहाजणी मागच्या खोलीत डबे उघडतो. दोन टेबलं जोडून वर जुना पेपर अंथरायचा आणि एकमेकींच्या झाकणात भाजी वाढायची. डबा उघडायच्या आधी मी प्रार्थना करते. म्हणजे काय करते, तर मोबाइल हातात घेते, मेसेज वाचत असल्यासारखी मान खाली घालते आणि तेवढ्यात मनातल्या मनात दोन वाक्यं म्हणून घेते. तेरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या मंगळवारी आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं पाहिलं, की मोबाइल बंद आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत. तिनं काळजीनं विचारलं, "ताई, बरं नाही का?"

मी म्हणाले, "हो गं, सकाळपासून डोकं दुखतंय."

तिनं पर्समधून गोळी काढून दिली. मी ती घेतली आणि सगळ्यांच्या देखत पाण्याबरोबर गिळलीसुद्धा.

येशूचा शिष्य पेत्र यानं प्रभूला नाकारलं तेव्हा त्या अंगणात शिपाई होते, जीवाची भीती होती. माझ्यासमोर काय होतं? एक चोवीस वर्षांची मुलगी आणि तिच्या डब्यातली वांग्याची भाजी.

माझी आजी मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्स होती. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं हॉस्पिटल, ज्यांच्या नावावरून इथल्या वानलेसवाडीला नाव मिळालं. आजी सांगायची, ऑपरेशनच्या आधी पेशंटचा हात धरून उभं राहायचं आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. गावोगावचे लोक असायचे, सगळ्या जातीधर्मांचे. कुणी नको म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या आजीची मी नात. घरी संध्याकाळी साडेसातला आमची कुटुंब प्रार्थना होते, तेव्हा आई गीताला सुरुवात करण्याआधी उठून खिडकी लावते, मग गॅलरीचं दार लावते. मे महिन्यातसुद्धा. लहानपणापासून हे बघत आले. हा प्रार्थनेचाच एक भाग आहे असं मला वाटायचं.

बायबलात दानीएलाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात आहे, की राजाचा मनाईहुकूम निघालाय हे कळल्यावरही तो घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या उघड्या खिडक्यांपाशी नेहमीसारखा दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. 'नेहमीसारखा' हा शब्द मला फार लागतो. त्यानं त्या दिवशी मुद्दाम खिडक्या उघडल्या नव्हत्या, त्या आधीपासूनच उघड्या असायच्या.

मला कुणाला उपदेश करायचा नाही, कुणाचा धर्म बदलायचा नाही. फक्त खोटं बोलायचं नाहीये. तुम्ही कसं करता? मनापासून सांगा.


सदरबझारकर (सातारा)

ताई, सलाम. मी निवृत्त शिक्षक, वय ७४. तुम्ही लिहिलंत हेच आधी मोठं आहे.

साताऱ्यात राहतो म्हणून इथलीच आठवण सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून आमच्या साताऱ्यात राहायला आले आणि इथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावं ही त्यांची कल्पना. पुढे दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेलेच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ब्राह्मण समाजानं काय म्हटलं असेल ते सांगायला नको. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळे जाणतात. पण अभंग, कीर्तन, संन्यास ही आपली मराठी वाट त्यांनी धरली, तेव्हा आपल्या ख्रिस्ती मंडळींतल्याही काहींना ते पटलं नाही, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. 'लोक काय म्हणतील' यातले लोक कोण? मला आयुष्यभर ऑफिसातल्या, गल्लीतल्या लोकांपेक्षा आपल्याच मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, भीती जास्त वाटली. संक्रांतीला शेजारणीनं बायकोला तिळगूळ दिला, तिनं घेतला, तर रविवारी तीनजणींनी विचारलं. मी मागच्या बाकावर बसायला लागलो तर 'गुरुजी थंड पडले' अशी कुजबुज. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायाच्या शेवटी त्या यहुदी अधिकाऱ्यांचं वर्णन आहे ना, ज्यांनी विश्वास ठेवला पण सभास्थानातून, म्हणजे त्यांच्याच प्रार्थनास्थळातून, काढून टाकतील म्हणून कबूल केलं नाही, त्यांना माणसांकडून होणारी वाहवा जास्त प्रिय होती. तिथे सभास्थान आहे, बाजार नव्हे. ती भीती आपल्याच घरातली होती.


रात्रपाळी (सातारा)

ताई, मी एमआयडीसीत सीएनसी मशिनवर, म्हणजे धातू कापायच्या संगणकी यंत्रावर, आहे. माझा प्रश्न डब्याचा नाही, खंडेनवमीचा.

आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येकानं आपापलं मशिन धुऊन पुसून हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी मी आजारी असल्याचं सांगून सुट्टी टाकली. म्हणजे तुमच्या डोकेदुखीसारखंच. दिवसभर घरी पडून राहिलो आणि खरोखर आजारी असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या वर्षी ठरवलं की जायचं. शिफ्टच्या आधी दीड तास गेलो. कूलंटची, म्हणजे मशिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी रिकामी केली, तळाशी साचलेला काळा गाळ हातानं काढला, बेडच्या फटीत अडकलेला धातूचा कीस ब्रशनं काढला, दरवाजाची काच सुती चिंध्यांनी तीनदा पुसली. मशिन इतकं स्वच्छ वर्षभरात नसतं. मग सुपरवायझरकडे गेलो. म्हटलं, "साहेब, मी ख्रिस्ती आहे, पूजा मी करणार नाही. पण साफसफाई सगळी केलीय, बघून घ्या." हे बोलताना माझे पाय थरथरत होते, खोटं सांगत नाही.

ते मशिनपाशी आले, फिरून बघितलं, काच बोटानं पुसून पाहिली. म्हणाले, "मग नारळ मी फोडतो. तू तिथं उभा राहा, मशिन तुझं आहे."

मी उभा राहिलो. हात जोडले नाहीत. मनात माझ्या प्रभूचे आभार मानले, की माझी बोटं अजून शाबूत आहेत. पाच वर्षं झाली, दरवर्षी असंच होतं. आता शेजारच्या मशिनवाला मला त्याच्याही टाकीचा गाळ काढायला बोलावतो.


वचनावर ठाम (मिरज)

रात्रपाळी बंधू, राग मानू नका. पूजेच्या जागी उभं राहणं म्हणजे सहभागच झाला. प्रेषित पौलानं करिंथकरांस पत्रात स्पष्ट लिहिलंय, की प्रभूच्या मेजाचे आणि दुसऱ्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही. आज उभे राहिलात, उद्या हात जोडाल. भीती हळूहळूच आत येते. मी स्वतः या कारणावरून एक नोकरी सोडली आहे, म्हणून बोलतो.


सदरबझारकर (सातारा)

ठाम, तुम्ही किंमत मोजलीत, त्याबद्दल आदर आहे. पण त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात थोडं पुढे वाचा. विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असंही पौलच म्हणतो. आणि कुणी मुद्दाम 'हे नैवेद्याचं आहे' असं सांगितलं तर खाऊ नका, तेही त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. म्हणजे त्यानं एकच नियम सगळ्यांना ठोकून दिलेला नाही.

आणि नामान आठवा, '२ राजे' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला, कुष्ठरोग झालेला परका सेनापती. बरा झाल्यावर तो संदेष्टा अलीशाला सांगतो, की आता मी दुसऱ्या कोणत्याही देवाला अर्पण करणार नाही. मग अडखळत विचारतो, माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची क्षमा होईल का? अलीशानं त्याला झिडकारलं नाही. 'शांतीनं जा' एवढंच म्हणाला. चाळीस वर्षं हा भाग शिकवला, अजून त्याच्या तळाशी पोचलो नाही. पण नामान लपवत नाही, उघड विचारतो, हे मात्र दिसतं. या मुलानंही सुपरवायझरला उघड सांगितलं. माझ्या मते तो तिथे उभा होता तो साक्षीदार म्हणून.


नाव नको

इथे गाव लिहीत नाही, माफ करा.

ताई, तुमच्या गोळीचं वाचलं आणि रडू आलं. पण माझं दुखणं वेगळं आहे. आम्ही मातंग समाजातले. घरात वीस वर्षं प्रभूला मानतो, दर रविवारी उपासनेला जातो. कागदावर हिंदू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालं की तो जातो. माझी मुलगी बारावीला आहे, हुशार आहे. तिची पुढची सगळी फी त्या एका दाखल्यावर आहे. म्हणून मी बाप्तिस्मा घेतलेला नाही.

देव बदलला म्हणून गल्लीतली जात बदलली नाही. आजही चहाच्या गाड्यावर मला कप कोणता द्यायचा ते ठरलेलं आहे. मग कायद्याच्या लेखी ती जात एका दिवसात कशी संपते, हे मला कुणी समजावून सांगत नाही.

रविवारी बायबल बाजाराच्या पिशवीत ठेवतो, वर मेथीची जुडी. परत येताना तीच जुडी घरी आणतो. पाळकसाहेब 'लाज धरू नका' म्हणून संदेश देतात तेव्हा मी खाली बघतो. ही लाज नाही हो. ही मुलीची फी आहे. पण देवाला हे कसं सांगू, की तुला मानतो पण तुझं नाव घेत नाही?


कृष्णाकाठची (सांगली)

दादा, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. माझ्या भीतीला काही कारण नव्हतं, तुमच्या भीतीला आहे. दोन्ही भीतींना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही आणि इथे कुणी मोजू नये अशी माझी विनंती आहे.


वचनावर ठाम (मिरज)

दादा, मी वर जे कडक लिहिलं ते तुमच्यासाठी नव्हतं. योसेफ अरिमथाईकर भीतीमुळे गुप्त शिष्य होता, असं योहान स्पष्ट लिहितो. यहुदी पुढारी निकदेमही पहिल्यांदा येशूकडे रात्रीच आला होता. पण वधस्तंभावरून शरीर उतरवायची वेळ आली तेव्हा उघड फिरणारे बहुतेक शिष्य पळाले होते आणि हे दोघे पुढे आले. तुमची वेळ देवाला माहीत आहे. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.


सदरबझारकर (सातारा)

नाव नको, बाळा, हा पेच तुम्ही घातलेला नाही, तुमच्या गळ्यात पडला आहे. तुमच्यावर दगड उचलायला माझा हात धजावणार नाही. पण म्हातारा म्हणून एक सांगतो, कडू लागलं तरी. मुलगी बारावीला आहे म्हणजे सतरा-अठराची. मेथीच्या जुडीखाली काय आहे ते ती बघतेच. आपला बाप कशाला भितो आणि का, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. अंदाजानं कळलं तर ती भीती तेवढी उचलेल, विश्वास उचलणार नाही. दाखल्याचं काय करायचं ते नंतर, तिघं मिळून ठरवा.


हरिपूर रोड (सांगली)

मी हिंदू आहे, या विभागात सहसा लिहीत नाही. पण खिडकीचं वाचलं आणि राहवलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबानं आम्हाला पाचही जणांना वर घेतलं. चार दिवस वीज नाही, प्यायला पावसाचं पाणी भरून ठेवलेलं. पहिल्या रात्री त्या घरातल्या काकू माझ्या आईजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही थोडी प्रार्थना केली तर तुम्हाला चालेल का?" स्वतःच्या घरात! आम्ही त्यांच्या सतरंजीवर, त्यांच्या डब्यातला शेवटचा रवा खातोय, आणि त्या आम्हाला परवानगी मागतायत. अकरा वर्षं आम्ही त्यांच्या खाली राहत होतो. त्यांना असं विचारावंसं वाटलं याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात गीत म्हटलं. अभंगाच्या चालीचं होतं. दुसऱ्या कडव्याला आईनं नकळत टाळ्यांचा ठेका धरला. नंतर आईनं हरिपाठ म्हटला, ते सगळे शांत बसून ऐकत होते.

एक उलटी गोष्टही सांगतो, कारण इथे खरं बोलायचं ठरलंय. काही वर्षांपूर्वी दोघंजण दारावर आले आणि आमच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून नको ते बोलले. वडिलांनी त्यांना हाकललं. त्या दिवसापासून वडील सगळ्याच ख्रिस्ती लोकांकडे तसंच बघायचे, पूर येईपर्यंत. तुम्ही उघडपणे प्रार्थना करा, कुणाचं काही जात नाही. आमच्या देवाला हीन लेखू नका, एवढंच.


कृष्णाकाठची (सांगली)

हरिपूर रोड, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमच्या वडिलांना त्या दोघांच्या वतीनं माझी क्षमा सांगा.

प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात इफिसचा दंगा आहे. अर्तमी देवीचे देव्हारे घडवणारा कारागीर लोकांना भडकवतो, सगळं शहर नाट्यगृहात गोळा होतं, दोन तास घोषणा चालतात. शेवटी नगराचा लेखक, म्हणजे शहराचा कारभारी, उठतो आणि पौलाच्या सोबत्यांबद्दल सांगतो, की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. तो लेखक ख्रिस्ती नव्हता. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त शिकवत होता, अख्ख्या शहराला माहीत होतं तो कोण आहे, आणि तरी परक्या माणसाला त्याच्या माणसांबद्दल अशी ग्वाही देता आली. मला असं जगायचं आहे. शेजाऱ्यांना मी कोण ते पक्कं माहीत असावं, आणि माझ्या तोंडून त्यांच्या देवाबद्दल वाईट ऐकल्याचं एकालाही आठवू नये.


पाचवीची आई (कराड)

माझ्या मुलाला वर्गात विचारलं, "तुम्ही नाताळला दारू पिता ना?" तो घरी येऊन म्हणाला, "मी सांगितलं की आम्ही ख्रिसमस करतच नाही." दहा वर्षांचा आहे. नाताळला आम्ही करंज्या, चकल्या करतो, आमच्या घरात कुणी थेंबही घेत नाही. या वर्षी वर्गातल्या आठ मुलांना घरी फराळाला बोलावणार आहे. फराळ तोच वाढेल.


कृष्णाकाठची (सांगली)

दहा दिवसांनी लिहितेय.

गुरुवारी मी त्या मुलीला जिन्यात गाठलं आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं, मी प्रार्थना करत होते, मी ख्रिस्ती आहे. मनात सगळी तयारी केली होती, ती काय विचारेल आणि मी काय उत्तर देईन याची. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "म्हणजे गोळी उगाच घेतलीत? मी दिवसभर तुमच्याकडे बघत होते, बरं वाटतंय का म्हणून." तिला वाईट वाटलं होतं, आणि ते मी ख्रिस्ती असण्याचं नव्हतं. लोक मला काय समजतील याचा विचार मी तेरा वर्षं केला. माझ्या खोटं बोलण्यानं समोरच्या माणसाला काय होतं, हा विचार एकदाही केला नव्हता. तिची मी क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी दीडला मोबाइल पर्समध्येच ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. पाचहीजणी गप्प झाल्या. त्या शांततेत मला रोजची दोन वाक्यं आठवेनात. नुसतं 'प्रभू' म्हटलं आणि डोळे उघडले. सगळ्यात ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "झालं? मग घे, आमटी गार होतेय." आता रोज त्या माझ्यासाठी अर्धा मिनिट थांबतात. मी थांबू नका म्हटलं, पण ऐकत नाहीत.

आता आईचं. मी घरी येऊन उत्साहानं म्हटलं, आजपासून खिडकी उघडी ठेवू. आई काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना सांगितलं. मी दोन वर्षांची असताना आम्ही एका वाड्यात भाड्यानं राहायचो. नाताळच्या आदल्या रात्री गाणी म्हटली, तर सकाळी मालकानं आठ दिवसांत खोली खाली करायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, लोक मला बोलतात. बाबा तेव्हा बाहेरगावी होते. आईनं एका हातात मला आणि डोक्यावर ट्रंक घेऊन खोल्या शोधल्या. छत्तीस वर्षं हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी इथे पहिल्या पोस्टमध्ये तिच्या खिडकीबद्दल किती सहज लिहून गेले.

खिडकी अजून बंद असते. मी हात लावलेला नाही. ती लावेपर्यंत तिच्याजवळ उभी राहते आणि मग आम्ही बसतो.


नाव नको

गुरुजी, मुलीशी बोललो. सगळं सांगितलं, दाखला, फी, बाप्तिस्मा. तिला बरंचसं माहीत होतं. म्हणाली, "पप्पा, माझ्यासाठी थांबलात हे मला कुणी विचारलं का?" उत्तर देता आलं नाही. ती काय ठरवणार ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रविवारी उपासनेनंतर परत बोलू म्हणाली. प्रार्थनेत ठेवा.


सदरबझारकर (सातारा)

ठेवतो. पहाटे पाचला उठतो, तेव्हा तिघांचीही आठवण करतो.